आरोप नाही, म्हणून सुटकाही नाही

२२ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्रायलचे संरक्षणमंत्री इस्रायल कात्झ यांनी जाहीर केलं की, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या वेस्ट बँकेतल्या ज्यू वसाहतवासीयांना यापुढे प्रशासकीय स्थानबद्धतेत, म्हणजे आरोप आणि खटल्याविना कैदेत, ठेवलं जाणार नाही. वसाहतींवर पॅलेस्टिनी हल्ल्यांचं सावट असताना तिथल्या लोकांविरुद्ध इतकं कठोर हत्यार वापरणं बरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं. कुणावर गुन्ह्याचा संशय असेल तर रीतसर खटला भरावा, हेही त्यांनी सांगितलं. अशा स्थानबद्धतेत तेव्हा वसाहतवासी होते मूठभर. पॅलेस्टिनी होते तीन हजारांच्या वर. त्यांच्यावर रीतसर खटले भरावेत, असं काही मंत्रिमहोदय बोलले नाहीत.

पॅलेस्टिनींच्या कैदेवर जाडजूड अहवाल भरपूर निघाले आहेत. मला त्या सगळ्यांपेक्षा कात्झ यांची ही घोषणा जास्त बोलकी वाटते. बिनाखटला कैद ही सुरक्षेपायी नाइलाजाने करावी लागणारी गोष्ट आहे, असं इस्रायलची सरकारं जगाला सांगत आली. पण तीच गोष्ट आपल्या मतदारांच्या वाट्याला आली तेव्हा तिच्यातला अन्याय सरकारला लगेच दिसला. म्हणजे अडचण समजुतीची नाही. हा अन्याय आहे हे करणाऱ्याला ठाऊक आहे, फक्त तो कुणावर करायचा हे ठरलेलं आहे.

हे हत्यार चालतं कसं ते आधी पाहू. जेनिन, नाब्लुस, हेब्रॉनच्या आसपासच्या गावांत अटका बहुधा मध्यरात्रीनंतर होतात. लष्करी आदेश क्रमांक १६५१ च्या कलम २८५ नुसार लष्करी कमांडर कुणालाही एका वेळी सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करू शकतो. आरोपपत्र लागत नाही. नियमाप्रमाणे आठ दिवसांच्या आत लष्करी न्यायाधीशासमोर सुनावणी व्हायला हवी, आणि ती होतेही. वकील असतो, दुभाषा असतो, न्यायाधीश असतो. बाहेरून पाहणाऱ्याला कोर्टच वाटावं. फक्त पुरावा शिन बेत या गुप्तचर संस्थेच्या बंद फाइलमध्ये असतो. ती न्यायाधीश वाचतो. कैद्याच्या आणि वकिलाच्या हाती एक-दोन ओळींचा गोषवारा पडतो: अमुक संघटनेशी संबंध, परिसराच्या सुरक्षेला धोका. वकिलाने उलटतपासणी घ्यायची कुणाची? साक्षीदार कोण ते माहीत नाही, घटना कुठली ते माहीत नाही, तारीख माहीत नाही. त्या दिवशी मी दुसऱ्याच गावी होतो, असं सांगायलासुद्धा आधी तो दिवस कुठला ते कळावं लागतं. सहा महिने सरत आले की नवा आदेश निघतो. तो किती वेळा काढायचा याला मर्यादा नाही. काही जणांनी अशी वर्षानुवर्षं काढली आहेत.

शिवाय ही कैद झालेल्या गुन्ह्यासाठी नसते, पुढे होऊ शकेल अशा गुन्ह्यासाठी असते. जे अजून घडलेलंच नाही ते आपण करणार नव्हतो, हे माणसाने सिद्ध कसं करायचं? शिक्षा झालेला कैदी निदान दिवस मोजू शकतो. खुनाच्या आरोपीलाही निर्दोष सुटण्याची आशा असते. स्थानबद्धाला तीही नाही, कारण आरोपच नसल्यावर त्यातून सुटायचं कसं? म्हणूनच अनेक पॅलेस्टिनी स्थानबद्धांनी स्वतःच्या शरीराखेरीज दुसरं साधन उरलं नाही असं मानून उपोषणं केली. जेनिनजवळच्या अराबा गावचा खादर अदनान पेशाने बेकरीवाला आणि इस्लामिक जिहाद या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेचा नेता. त्याने २०११-१२ मध्ये स्थानबद्धतेविरुद्ध ६६ दिवस अन्न घेतलं नाही, आणि सुटका करून घेतली. पुढे त्याला पुन्हा पुन्हा पकडलं गेलं. २०२३ मध्ये मात्र त्याच्यावर आरोप ठेवले होते. त्या कैदेत ८६ दिवसांच्या उपोषणानंतर २ मे रोजी तो मेला. त्याच्या संघटनेचे मार्ग मला मुळीच मान्य नाहीत. पण लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणाने गेलेल्या जतींद्रनाथ दासांचं नाव आदराने घेणाऱ्यांना उपोषण म्हणजे काय हे समजावून सांगायला लागू नये.

बरं, ज्यांच्यावर आरोप ठेवले जातात त्यांचं काय? वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनींवर लष्करी न्यायालयात खटले चालतात. रामल्लाजवळ ओफेर, जेनिनजवळ सालेम. न्यायाधीश लष्कराचा, फिर्यादी लष्कराचा. लष्करी न्यायालयांच्याच २०१० च्या अहवालानुसार दोषी ठरण्याचं प्रमाण होतं ९९.७४ टक्के. जगातल्या कुठल्याही प्रामाणिक न्यायालयाला हा आकडा पाहून स्वतःबद्दल शंका आली असती. यातले बहुतेक निकाल साक्षीपुराव्यापर्यंत पोचतच नाहीत. खटला लढवायचा तर निकालापर्यंत आतच राहावं लागणार, आणि कबुली दिली तर त्याहून लवकर घर दिसणार, हा हिशेब वकीलच अशिलाला समजावून सांगतो.

त्याच रस्त्यावर वसाहतीतल्या मुलाने दगड मारला तर त्याला इस्रायलचा नागरी कायदा लागू होतो: बालन्यायालय, आईवडील, समाजसेवक. पलीकडच्या गावातल्या पॅलेस्टिनी मुलाने मारला तर लष्करी आदेश. २०११ पर्यंत लष्करी न्यायालयं पॅलेस्टिनी मुलाला सोळाव्या वर्षी सज्ञान धरत होती, आणि वसाहतीतला मुलगा मात्र अठराव्या वर्षी सज्ञान होत होता. लष्करी कोठडीत मुलांना मिळणारी वाईट वागणूक तुरळक नसून व्यवस्थेतच मुरलेली आहे, असं युनिसेफने २०१३ मध्ये लिहिलं. १९६७ च्या ऑगस्टमध्ये निघालेला आदेश क्रमांक १०१ तर दहा किंवा अधिक माणसांनी राजकीय विषयावर परवानगीशिवाय जमण्यालाच गुन्हा ठरवतो. जून १९६७ पासून आजवर सुमारे आठ लाख पॅलेस्टिनींना कधी ना कधी अटक झाली, असा संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांच्या २०२३ च्या अहवालातला अंदाज आहे. एवढ्या छोट्या समाजात याचा अर्थ असा की, तुरुंग पाहिलेला माणूस नाही असं घर सापडणं कठीण.

या कायद्याचं मूळ जेरुसलेमला नाही, लंडनला आहे. पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचा ताबा असताना १९४५ मध्ये त्यांनी संरक्षण (आणीबाणी) नियमावली काढली. बिनाखटला स्थानबद्धता, हद्दपारी, घरं पाडणं, लष्करी न्यायालयं, सगळं तिच्यात होतं. तेव्हा ती प्रामुख्याने ज्यू भूमिगत संघटनांवर वापरली जात होती. १९४६ च्या फेब्रुवारीत तेल अवीवमध्ये ज्यू वकिलांची परिषद भरली आणि तिने या नियमांचा कडक शब्दांत धिक्कार केला. सुसंस्कृत देशात असा कायदा कुठेही नाही, नाझी जर्मनीतही नव्हता, असं तिथे बोलणारे याकोव शिमशोन शापिरा पुढे स्वतंत्र इस्रायलचे पहिले अॅटर्नी जनरल झाले, नंतर कायदामंत्रीही. ब्रिटिशांनी यित्झाक शामीर यांना पकडून बिनाखटला आफ्रिकेत, एरिट्रियाच्या छावणीत धाडलं होतं. तिथून ते पळाले. हेच शामीर पंतप्रधान असताना पहिल्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, हजारो पॅलेस्टिनी बिनाखटला आत गेले, आणि त्यांच्यासाठी १९८८ मध्ये नेगेवच्या वाळवंटात केत्झिओतची छावणी उघडावी लागली. स्वतः भोगलेलं माणूस विसरतो असं नाही. कदाचित तो त्यातून एवढंच शिकतो की हे हत्यार लागू पडतं.

आणि आपण? आपण या गोष्टीला परके नाही. ब्रिटिशांनी हे तंत्र पॅलेस्टाइनमध्ये नेण्याआधी इथे घोटलं होतं. १९३७ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या अरब उठावाचा बंदोबस्त कसा करावा हे सांगायला त्यांनी पाठवले ते चार्ल्स टेगार्ट. बंगालच्या क्रांतिकारकांच्या मागावर उभी हयात काढलेले कलकत्त्याचे माजी पोलीस कमिशनर. त्यांच्या सल्ल्याने बांधलेल्या ठाण्यांच्या इमारती आजही टेगार्टच्या नावाने ओळखल्या जातात. महाराष्ट्राचा अनुभव तर त्याहून जुना. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. चाफेकरांवर खटला चालला, टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. नातू बंधूंवर मात्र चाललाच नाही. सरकारकडे पुरावा नव्हता, म्हणून मुंबई इलाख्याचं १८२७ चं पंचविसावं रेग्युलेशन धूळ झटकून बाहेर काढलं गेलं. दोघा भावांना उचललं, मालमत्ता ताब्यात घेतली, आणि आरोप काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. टिळकांना निदान ज्युरीपुढे बोलता आलं. नातूंना बोलायला जागाच नव्हती. पुढे रौलट कायद्याविरुद्ध ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ ही घोषणा देशभर घुमली. वेस्ट बँकेत वकील आणि अपील आहेत, दलील तेवढी करता येत नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. तुमच्या शहरावर हल्ला झाला असता तर तुम्ही काय केलं असतं?

आमच्या शहरावर हल्ला झाला होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत शिरलेल्या दहा जणांनी १६६ माणसं मारली. नरिमन हाउसमध्ये ज्यू रब्बी आणि त्यांच्या पत्नीसह सहा जणांचे बळी गेले. एक हल्लेखोर जिवंत सापडला. त्याच्या हातातली रायफल साऱ्या जगाने छायाचित्रात पाहिली होती. त्याचं वकीलपत्र घ्यायला आधी कुणी तयार नव्हतं; न्यायालयाने वकील नेमून दिला. आर्थर रोडच्या विशेष न्यायालयात साक्षीदार आले, उलटतपासण्या झाल्या. शहराचं रक्त उकळत होतं तरी २०१० मध्ये निकाल देताना त्याच न्यायालयाने दोन सहआरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. पुढे उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, दयेचा अर्ज, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी. फाशीच्या शिक्षेबद्दल माझं मत वेगळं आहे. पण या खटल्याने भारताची सुरक्षा कुठे ढासळली ते मला कुणीतरी दाखवावं. उलट पाकिस्तानातून कट कसा शिजला हे जगापुढे ठेवता आलं ते बंद फाइलमुळे नव्हे, खुल्या सुनावणीमुळे.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमास आणि तिच्या साथीदारांनी सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५१ जणांना ओलीस नेलं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं भुयारांत डांबणं हा युद्धगुन्हाच आहे. त्याला पण-परंतु नाही. पॅलेस्टिनी सत्ताधारी स्वतः कसे वागतात हेही झाकायचं कारण नाही. वेस्ट बँकेतली पॅलेस्टिनी प्राधिकरणाची पोलीस कोठडी टीकाकारांना चांगली परिचित आहे. जून २०२१ मध्ये निझार बनात हा प्राधिकरणाचा टीकाकार त्याच प्राधिकरणाच्या सुरक्षादलाच्या ताब्यात असताना मारला गेला. मात्र यातली कुठलीही गोष्ट ६ ऑक्टोबरला बदलत नाही. ७ ऑक्टोबरच्या आधीच तेराशेच्या आसपास माणसं बिनाखटला आत होती. त्या हल्ल्याचा सूड म्हणून हे सुरू झालं असं मानणाऱ्यांनी तारखा तपासाव्यात.

नंतर मात्र जे झालं ते आधीच्याही पलीकडचं. स्थानबद्धांचा आकडा दुपटीच्या वर गेला. गाझातून पकडलेल्यांना २००२ च्या ‘बेकायदा लढवय्ये’ कायद्याखाली ठेवलं गेलं. त्यात वकिलाची गाठ पडायलाही आठवड्यांमागून आठवडे लागतात. रेड क्रॉसच्या तुरुंगभेटी बंद झाल्या. बीरशेबाजवळच्या स्दे तेमान तळावर डोळ्यांवर पट्ट्या आणि हातांत बेड्या घालून ठेवलेल्या माणसांच्या कहाण्या बाहेर आल्या त्या इस्रायली डॉक्टरांच्या आणि जागल्यांच्या तोंडून. जुलै २०२४ मध्ये एका कैद्यावरच्या अत्याचारप्रकरणी लष्करी पोलीस तिथल्या सैनिकांना ताब्यात घ्यायला गेले, तेव्हा त्या सैनिकांच्या बाजूने जमाव तळात घुसला, आणि त्या जमावात संसदसदस्यही होते. बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेने त्याच ऑगस्टमध्ये ५५ सुटलेल्या कैद्यांच्या जबान्या छापल्या. राष्ट्रीय सुरक्षामंत्री इतामार बेन-ग्वीर यांना यातलं काही नाकारावंसंही वाटलं नाही. कैद्यांचं जेवण आणि सोयी कमी केल्या हे ते कामगिरी म्हणून सांगतात.

मार्च २०२५ मध्ये मेगिद्दो तुरुंगात सतरा वर्षांचा एक मुलगा मेला. सहा महिने आत होता, आरोप ठेवलेला नव्हता. शवविच्छेदनात उपासमारीच्या खुणा दिसल्या. ७ सप्टेंबर २०२५ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने दोनास एक मताने म्हटलं की, कैद्यांना जगण्यापुरतं अन्न देण्याचं कर्तव्य सरकार पाळत नाही. हा निकाल आपल्याकडच्या इस्रायलप्रेमींनी जरूर वाचावा. ‘हे सगळं हमासचं खोटं’ म्हणणाऱ्यांना तो जड जाईल. आणि इस्रायलमध्ये कुणालाच माणुसकी उरलेली नाही, असं सरसकट बोलणाऱ्यांनाही जड जावा: याचिका घेऊन गेलेल्या संस्था इस्रायलीच होत्या.

ऑक्टोबर २०२५ च्या शस्त्रसंधीत वीस जिवंत ओलीस घरी आले, त्यांच्या बदल्यात सुमारे दोन हजार पॅलेस्टिनी सुटले. त्यांतले अडीचशे शिक्षा झालेले. सुमारे सतराशे मात्र युद्धकाळात गाझातून उचललेले, आरोप नसलेले. इतके धोकादायक होते तर सोडले कसे? धोकादायक नव्हते तर ठेवले कशाला? सौद्यात वापरायला माणसं राखून ठेवायची, हे हमासने केलं तेव्हा आपण त्याला योग्य नाव दिलं. इथे ते नाव घ्यायला जीभ अडखळते, एवढाच फरक.

इस्रायलचा कायदेशीर बचाव पूर्णपणे पोकळ नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं ७८ वं कलम ताबा असलेल्या सत्तेला सुरक्षेच्या अत्यंत निकडीच्या कारणासाठी स्थानबद्धतेची मुभा देतं. पण ती अपवाद म्हणून. दशकानुदशकं चालत आलेली गोष्ट अपवाद राहत नाही. आणि त्याच कराराचं ७६ वं कलम सांगतं की, आरोपींना आणि शिक्षा झालेल्यांना व्याप्त प्रदेशातच ठेवलं पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेकांना इस्रायलमधल्या तुरुंगांत नेलं जातं. म्हणजे आईला लेकाला भेटायलाही इस्रायलचा परवाना हवा. हा करार इथे कायद्याने लागूच नाही, आम्ही त्यातली माणुसकीची कलमं आपखुशीने पाळतो, ही इस्रायलची जुनी भूमिका आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळली. १९ जुलै २०२४ रोजी तर त्याने हा ताबाच बेकायदा ठरवला.

आपल्याकडे इस्रायलबद्दल जी आपुलकी आहे ती सगळी राजकीय नाही. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यातून गेलेले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आजही अशदोद, दिमोना, लोदमध्ये मराठी बोलतात. कोकणात शेकडो वर्षं त्यांना धर्मावरून कुणी छळलं नाही, हे ते स्वतः सांगतात. त्या नात्याला धक्का न लावताही त्यांच्या सरकारला प्रश्न विचारता येतो. नातलगाशी बोलताना आपण नेहमी तेच करतो.

आपण कोण बोलणारे, हाही आक्षेप येईल. आपल्याच राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आहे. यूएपीएखाली ८३ व्या वर्षी पकडलेले फादर स्टॅन स्वामी खटला सुरू होण्याआधीच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत कैदी म्हणूनच गेले. खरं आहे. आपल्याकडे निदान सल्लागार मंडळ आणि कमाल मुदत कागदावर आहे, पण त्यावर फार फुशारकी मारण्यासारखं नाही. तरी हा आक्षेप मला तोंड बंद करायला सांगत नाही, दोन्हीकडे तोंड उघडायला सांगतो. आणीबाणीतल्या मिसाबंदींना महाराष्ट्र सरकार मानधन देतं: २०१८ मध्ये सुरू केलं, मध्ये थांबवलं, २०२२ मध्ये पुन्हा सुरू केलं. बिनाखटला तुरुंगवास हा एवढा मोठा अन्याय आहे की, चाळीस वर्षांनी त्याची भरपाई सरकारी तिजोरीतून व्हावी, हे या राज्याने मान्य केलेलं आहे. तेव्हा तत्त्व शिकायला आपल्याला लांब जायचं नाही.

भारताने १९७४ मध्ये पीएलओला (पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला) मान्यता दिली, १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून. सप्टेंबर २०२४ मध्ये, ताबा बेकायदा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या मताची अंमलबजावणी मागणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला. १२४ देशांनी बाजूने मत दिलं आणि भारत तटस्थ राहिला. वर्षभराने, १२ सप्टेंबर २०२५ रोजी, दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबा देणाऱ्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिलं. दोन राष्ट्रं केव्हा होतील ती होवोत. कैद्यांसाठी तोवर थांबायची गरज नाही. ज्यांना आत ठेवलंय त्यांच्यावर उघड आरोप ठेवा किंवा त्यांना सोडा, रेड क्रॉसला तुरुंगांची दारं उघडा, आणि कैद्यांना त्यांच्या कुटुंबांना पोचता येईल अशा ठिकाणी, व्याप्त प्रदेशातच ठेवा. यातल्या एकाही मागणीसाठी नवा करार करावा लागत नाही. इस्रायलने जिनिव्हा करारांना १९५१ मध्येच मान्यता दिली आहे, आणि पहिल्या मागणीला तर कात्झ यांच्याच घोषणेचा आधार आहे. शस्त्रखरेदीपासून शेतीपर्यंत सगळ्या विषयांवर तेल अवीवशी बोलणाऱ्या दिल्लीने एवढं मागितलं तर मैत्रीला काही बाध येणार नाही.